टापांच्या मागं सहा दिवस

दत्तजयंतीच्या आदल्या आठवड्यात मी आणि माझी पुतणी पुण्याहून निघालो. आधी माथेरान, मग कर्जतच्या बाजूला उतरलेले धनगरांचे वाडे, रविवारी महालक्ष्मीचं रेसकोर्स आणि शेवटी तापीकाठची सारंगखेड्याची यात्रा. सगळीकडे बघायचं एकच, घोडा. आज तो कोण पाळतं, कशासाठी पाळतं, आणि त्याचं काम संपलं की पुढं काय करतं.

हा शेवटचा प्रश्न माझ्या घरचा आहे. माझ्या वडिलांचा टांगा होता. स्टँडसमोर सहा आसनी रिक्षा लागायला लागल्या तशी सवारी कमी होत गेली आणि 1993 साली त्यांनी चंद्री घोडी विकली. मी तेव्हा बारा वर्षांची होते. घेणारा व्यापारी परगावचा होता. चंद्री पुढं कुठं गेली, कुणाच्या दावणीला बांधली गेली, हे आम्हाला कधी कळलं नाही आणि वडिलांनी पुन्हा तिचं नाव काढलं नाही. पुतणी चार वर्षं क्लबात घोडेस्वारी शिकते आहे. तिची मांड पक्की आहे. मी खरारा (अंग घासणं), चंदी (दाणा) आणि लीद यांतून घोडा ओळखते, ती पाठीवरून ओळखते. बरोबर जायला याहून चांगली सोबत मला मिळाली नसती.

दिवस पहिला

नेरळ स्टेशनाबाहेरून टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत नेते. तिथून पुढं गावात मोटार जात नाही. वर जायचं तर पायी, दोन फुटी रुळांच्या छोट्या गाडीनं किंवा घोड्यावरून. अलीकडे ई-रिक्षाही आल्या आहेत. ही छोटी गाडी 1907 सालची. आदमजी पीरभॉय कुटुंबानं स्वतःच्या पैशांनी घाटात रूळ घातले. पण तिच्या आधीही इथं घोडा होता आणि आजही नाक्यावर उतरल्यावर पहिला आवाज येतो तो टापांचाच.

पुतणीनं एक घोडा घेतला. मी घोडेवाल्यांबरोबर चालत निघाले. पाठीवर बसल्यावर माणूस घोडेवाल्याशी बोलत नाही, आणि मला बोलायचं होतं. पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, पायात साध्या चपला. त्यांचा बादल अकरा वर्षांचा, अंगानं बेताचा, पण छाती रुंद. पुतणी बसली, तिनं रिकिबीची लांबी बघितली, खोगिराचा पट्टा, तंग, पुन्हा एकदा कसून घेतला. त्यांनी ते पाहिलं आणि हातातली दोरी सैल सोडली. म्हणाले, "हिला धरायची गरज नाही. घोड्याला पण कळलंय."

दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंतचा रस्ता आता दोन प्रकारचा आहे. काही ठिकाणी जुनी तांबडी माती, जांभ्याची. काही ठिकाणी मातीचे पेव्हर ब्लॉक. हे ब्लॉक बसवायचे की नाही यावर इथं बरीच वर्षं भांडण चाललं आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. बसवणाऱ्यांचं म्हणणं असं की पावसात माती वाहून जाते, रस्ते खचतात, आणि चाकाचं वाहन चालवायचं तर पाया सपाट हवा. घोडेवाल्यांचं म्हणणं मी त्या दुपारी डोळ्यांनी बघितलं. बादल मातीवर चालत होता तोवर त्याची मान खाली होती, चाल सैल होती. ब्लॉकचा उतार लागला तशी त्यानं मान वर केली, पावलं आखूड झाली आणि मागचे पाय तो जपून टाकायला लागला. लोखंडी नाल आणि गुळगुळीत उतार यांचं जमत नाही. मातीत टापेची कड थोडी रुतते आणि वजन तिथं थांबतं. ब्लॉकवर रुतायला काही नसतं.

"कोरडं आहे म्हणून एवढंच," घोडेवाले म्हणाले. "दव पडलं की बघा, ताई. बसलेलं पोर पडलं तर लोक मला बोलणार, ब्लॉकला नाही."

संध्याकाळी मालवाहू घोडे बघितले. प्रवासी त्यांचे फोटो काढत नाहीत, म्हणून मी मुद्दाम बाजारात थांबले. भाजी, पाण्याचे खोके, सिमेंट, विटा, गॅस, सगळं त्यांच्याच पाठीवरून येतं. एका तट्टावर तीन भरलेल्या टाक्या होत्या, दोन बाजूंना दोन आणि मधे एक आडवी. लोखंड अंगाला घासू नये म्हणून खाली गोणपाटाच्या चार घड्या. घरगुती टाकीत 14.2 किलो गॅस असतो आणि रिकामी टाकी साधारण तेवढ्याच वजनाची. म्हणजे तीन टाक्यांचे नव्वद किलोच्या आसपास झाले. जनावरांवर लादायच्या ओझ्याचा 1965 चा केंद्राचा नियम तट्टासाठी 70 किलोची मर्यादा सांगतो. त्याच नियमांत दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, असंही लिहिलं आहे. दोन टाक्या नियमात बसतात, तिसरी बसत नाही. त्या तिसऱ्या टाकीशिवाय हाकणाऱ्याची फेरी परवडत नसेल, हेही मला समजतं. पण जनावर फेरीचा हिशेब करत नाही, ते फक्त उभं राहतं. त्या तट्टाचे गुडघे पुढं झुकलेले होते. वडील म्हणायचे, घोड्याचं वय दातांत असतं आणि हाल गुडघ्यांत.

दिवस दुसरा

पहाटे धुकं होतं. नालबंद सातला येणार म्हणून बादलच्या थानावर, म्हणजे त्याच्या बांधायच्या जागेवर, जाऊन बसलो. झाडाखाली पत्र्याची शेड, खाली कोरडी माती, एका बाजूला कडब्याची पेंढी. तोबऱ्यात हरभरा आणि कोंडा. बादल सावकाश चघळत होता, डोळे अर्धे मिटलेले.

नाल बदलणं मी लहानपणी शेकडो वेळा पाहिलं आहे, पण तीस वर्षांनी इतक्या जवळून बघताना छातीत काहीतरी हललं. नालबंदानं खांदा घोड्याच्या खांद्याला टेकवला, हात पायावरून खाली नेला आणि घोट्याजवळ हलकेच दाबलं. बादलनं स्वतःहून पाय दिला. जुन्या खिळ्यांची वळलेली टोकं आधी छाटली, मग पकडीनं नाल टाचेकडून उचकटत सोडवली. टाप महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढते. पाच-सहा आठवड्यांत नाल पुढं सरकल्यासारखी दिसायला लागते आणि सगळा भार टाचेवर यायला लागतो. म्हणून नाल झिजली नसली तरी काढावीच लागते. सुरीनं वाढलेलं शिंग तासलं, तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग मात्र हात न लावता ठेवला. मग कानस. नवी नाल थंडच होती, ती ऐरणीवर दोन-तीन ठोक्यांत आकाराला आणली.

खिळे मारताना तो बोलणं थांबवायचा. मी कारण विचारलं. "आवाज ऐकायचा असतो," तो म्हणाला. खिळा टापेच्या निर्जीव कडेतून जात असेल तर ठोका टणक वाजतो. आतल्या जिवंत भागाकडे वळला तर ठोका मऊ होतो, आणि तिथंच थांबून खिळा काढावा लागतो, नाहीतर घोडा दोन दिवसांत लंगडतो. पुतणीला हे चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तिनं त्याच्याकडून हातोडी मागून घेतली नाही, पण वाकून शेवटचे तीन खिळे कान देऊन ऐकले.

ई-रिक्षाचा विषय तिथं निघणारच होता. 2022 च्या डिसेंबरात त्या प्रयोग म्हणून सुरू झाल्या. हातरिक्षा ओढणाऱ्यांनी त्यासाठी किती वर्षं झगडा दिला हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. माणसानं माणसाला चढावर ओढायचं ही गोष्ट संपलीच पाहिजे. शाळेची मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणसं यांना ती रिक्षा हवी. घोडेवाले त्यांच्या विरोधात बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "आमचं काय ठरलंय ते पण कुणीतरी सांगा." मला विचाराल तर सिलिंडर, सिमेंट आणि विटांचं ओझं यंत्रानं उचलावं आणि पॉइंटांच्या जंगलवाटा मातीच्या ठेवून घोड्याला द्याव्यात. ओझ्याचा घोडा सगळ्यात जास्त झिजतो आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

निघताना मी माझा प्रश्न विचारला. बादल थकला की पुढं काय? ते जरा वेळ गप्प राहिले. "माझा पहिला घोडा खाली गावाला नेऊन सोडला होता. तिथंच मेला, शेतात पुरला. सगळ्यांना जमत नाही. ज्याच्याकडे जमीन नाही तो विकतो. विकला की मग विचारायचं नाही." त्यांनी बादलच्या अयाळातला काटा काढला आणि पुन्हा नाक्याकडे निघाले.

दिवस तिसरा

कर्जतच्या अलीकडे भाताची कापणी उरकलेली शेतं मोकळी पडली होती. दिवाळीनंतर देशावरचे मेंढपाळ धनगर घाट उतरून कोकणात येतात, ते अशा रानांत मेंढरं बसवतात. शेताला लेंडीखत मिळतं, त्याबदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. पाऊस तोंडावर आला की ते परत घाट चढतात. आम्हाला रस्त्याकडेला एक वाडा दिसला. इथं वाडा म्हणजे घर नव्हे, पाच-सहा कुटुंबांचा फिरता तळ. पुरुष मेंढरं घेऊन पुढं गेले होते. बायका बिऱ्हाड घोड्यांवर चढवत होत्या.

घोड्या लहान होत्या, खांद्याशी माझ्या छातीइतक्या. रंग मातकट, पोट थोडं सुटलेलं, पाय बारीक पण हाडाला घट्ट. हा भीमथडी घोडा. भीमेच्या खोऱ्यातला, दख्खनच्या खडकाळ रानातला, मराठ्यांच्या फौजांना दूर पल्ल्याच्या दौडी करू देणारा. इतिहासाच्या पुस्तकात त्याचं नाव मानानं घेतात, पण तो जिवंत ठेवला तो ह्या वाड्यांनी. देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून त्याची राष्ट्रीय नोंद अगदी अलीकडे झाली, मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, भूतिया, स्पिती, झांस्करी आणि कच्छी-सिंधी यांच्या पाठोपाठ. नोंद व्हायला एवढा उशीर का झाला याचं उत्तर सोपं आहे. त्याच्यावर बसणारं कुणी मोठं माणूस उरलं नव्हतं.

माझ्या वयाच्या एक बाई सामान बांधत होत्या. आधी पाठीवर वाकळ, तिच्यावर लाकडी खोगीर, मग दोन्ही बाजूंना धान्याची पोती. ती अंदाजानं नाही, हातात तोलून. एका बाजूचं पोतं जड वाटलं तेव्हा त्यांनी त्यातलं पायलीभर काढून दुसरीकडे घातलं. वर भांडी, पालाच्या काठ्या, आणि सगळ्यात वर जाळीच्या झोळीत त्याच रात्री जन्मलेली दोन कोकरं, त्यांची तोंडं बाहेर. कोंबड्या पाय बांधून कडेला. पंचवीस मिनिटांत सगळा संसार चढला आणि घोडी कान मागं न टाकता उभी होती.

"हिला बांधत नाही का?" पुतणीनं विचारलं.

"कशाला गं? तिची पिल्लं पुढं चाललीत," बाई म्हणाल्या. खरंच, घोडीचं शिंगरू वाटेवर दहा-पंधरा पावलं पुढं उभं होतं आणि मागं वळून बघत होतं.

या घोड्यांना नाल नव्हती. टापा चांगल्या गोल झिजल्या होत्या, कडा न फुटलेल्या. रोज मातीवर आणि खडकावर चालणाऱ्या, पाठीवर बेताचं ओझं असणाऱ्या घोड्याला तेवढं पुरतं. मी म्हातारपणाचं विचारलं. बाईंना प्रश्न चमत्कारिक वाटला असावा. "म्हातारी झाली की ओझं नाही घालत. चालती वाड्याबरोबर." मग एक टेम्पो जवळून गेला आणि त्या म्हणाल्या, "पोरं म्हणतात, एक टेम्पो घेऊ. घोडी नकोत." काही वाड्यांनी घेतलाही आहे. पुढच्या मुक्कामाला सामान टेम्पोनं जातं आणि घोडी विकली जातात. मला वाईट वाटलं, पण डोक्यावर पाऊस घेत लेकरांना घेऊन चालणाऱ्या बाईला मी कोणत्या तोंडानं सांगणार, की टेम्पो घेऊ नका?

दिवस चौथा

रविवार. पहाटे साडेपाचला महालक्ष्मी. रेसकोर्सच्या कडेनं चालायला आलेली माणसं आणि आत अंधारातून येणारे श्वासांचे आवाज. 1883 पासून इथं घोडे पळत आहेत. नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईचा मोसम, पावसाळ्यात पुण्याचा. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी इथंच 2400 मीटरची इंडियन डर्बी होते. जागेचं स्वरूप आता बदलतं आहे. शर्यतीकडे 91 एकर राहणार आणि 120 एकरांवर सार्वजनिक बाग होणार, असं 2024 मध्ये ठरलं.

कालच्या घोडीनंतर हे थरोब्रेड बघणं म्हणजे दुसऱ्याच प्राण्याला भेटणं. पाचशे किलोच्या आसपास वजन, कातडीखालची प्रत्येक शीर दिसते. पुतणीच्या ओळखीनं आम्हाला एका तबेल्याच्या दारापर्यंत जाता आलं. तिथं एक साईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारे, सरावाहून आलेल्या घोडीचे पाय धूत होते. पाणी मारून झाल्यावर ते खाली बसले आणि दोन्ही तळव्यांनी पुढच्या पायाची मागची शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, वरून खाली चाचपत गेले. सावकाश, डोळे मिटून. मग दुसरा पाय. मग पुन्हा पहिला. गुडघ्याखाली घोड्याला मांस नसतंच, फक्त हाड, शिरा आणि कातडी. भरधाव पळताना एका क्षणी सगळं वजन एकाच पायावर येतं. शीर दुखावली तर सूज दिसायच्या आधी ती गरम लागते. तो फरक हाताला कळायला वर्षं लागतात. "डॉक्टर येतात," ते म्हणाले, "पण रात्री तीनला हिच्याजवळ मीच असतो."

या घोड्यांचा वाढदिवस कागदोपत्री 1 जानेवारीला असतो, जन्म कधीही झालेला असो. दुसऱ्या वर्षी पळायला लागतात आणि सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेकांची शर्यत संपते. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग नंतरच उरतो. चांगल्या घोड्या पैदाशीला जातात. काही घोडे राइडिंग क्लबांत जातात. पुतणी ज्याच्यावर शिकली तोही असाच उतरलेला घोडा. बाकीचे वरातीला, कुठं टांग्याला, कुठं काय. साईसांना विचारलं तेव्हा त्यांनी वर बघितलं नाही. "मालकाची मर्जी," एवढंच म्हणाले आणि पट्टी गुंडाळायला लागले. ज्या खेळात जन्माची तारीख, आईबापाचं नाव, प्रत्येक शर्यतीचा सेकंदांतला वेळ जपून ठेवतात, त्या खेळानं घोडा निवृत्त झाल्यावरची नोंदही तेवढीच नेटकी ठेवायला हवी. मी हे तिथं दोघातिघांशी बोलले. कुणी वाद घातला नाही.

दुपारी शर्यती बघितल्या. 1200 मीटर सत्तर सेकंदांच्या आसपास. जमीन हलते, लोक उभे राहतात आणि संपतं. पुतणीच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण ते सुंदर होतं. ते मी नाकारणार नाही.

संध्याकाळी गेटवेला गेलो. लहानपणी वडिलांनी इथं मला व्हिक्टोरिया दाखवली होती, आपल्या टांग्याची श्रीमंत बहीण म्हणून. 2015 मध्ये उच्च न्यायालयानं त्या बेकायदा ठरवल्या. टांगेवाल्याची मुलगी म्हणून मला वाईट वाटायला हवं, पण मला निकाल पटला होता. डांबरावर, गर्दीत, धुरात, रात्री उशिरापर्यंत उभा घोडा, आणि दिवसा त्याला पाय पसरायला जागा नाही. वडील असते तर त्यांनाही पटला असता. चंद्रीला ते दुपारच्या उन्हात कधी जुंपत नसत.

दिवस पाचवा

दिवस मुंबईत काढला, रात्री सुरतमार्गे जाणारी गाडी पकडली. झोप आली नाही.

दिवस सहावा

पहाटे दोंडाईचाला उतरलो, तिथून सारंगखेडा जवळच. कापसाची शेतं, थंडी, आणि तापीकडून येणारा गार वारा. एकमुखी दत्ताच्या मंदिरात पहाटेपासून रांग होती. यात्रा दत्ताची, पण आजूबाजूच्या राज्यांतली माणसं येतात ती घोड्यांच्या बाजारासाठी. बरेच दिवस आधीपासून ट्रक यायला लागतात. मारवाड, काठियावाड, पंजाब, उत्तर प्रदेश. अलीकडे याला चेतक फेस्टिव्हल असं नाव मिळालं आहे, पण गावातली माणसं अजून यात्राच म्हणतात.

बाजारात शिरल्यावर आधी डोळ्यांना सवय व्हावी लागते. ओळीनं थानं, अगाडी-पिछाडीनं, म्हणजे पुढून-मागून दोरीनं, बांधलेले घोडे, कुठं तांबूस कुमैत, कुठं काळे मुश्की, कुठं चितकबरे अबलख, कुठं पांढरेशुभ्र नुकरे. मारवाडी घोड्यांचे कान आत वळलेले, टोकं एकमेकांना भिडलेली. नुकऱ्याची कातडी गुलाबी असते, म्हणून त्यांना ऊन सोसत नाही, आणि वरातीसाठी मागणी त्यांनाच सगळ्यात जास्त. चार पाय आणि कपाळ पांढरं असलेल्या पंचकल्याणीजवळ गर्दी. लोक अंगावरचे केसांचे भोवरे मोजत होते. कोणता भोवरा कुठं असला म्हणजे शुभ, कुठं अशुभ, यावर सौदा होतो किंवा मोडतो. गळ्याखालचा देवमण हा भोवरा असेल तर भाव चढतो. माझ्या वडिलांनी चंद्री घेतली तेव्हा तिच्या अंगावर खोट धरलेला भोवरा होता, म्हणून ती स्वस्त मिळाली. तिनं आमचं घर अकरा वर्षं चालवलं. भोवऱ्यावरून नाकारलेला घोडा बघितला की मी आजही थांबते.

भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात, आणि बाजूला उभ्या माणसाला फक्त चेहरे दिसतात. आधी दात बघतात. दुधाचे दात अडीच वर्षांपासून पडायला लागतात, पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होतं, मग दातांवरचे खड्डे झिजत जातात. त्यावरून वय सांगता येतं आणि कानशीनं दात घासून वय चोरताही येतं. जाणता माणूस दात बघून झाल्यावर पाय बघतो, आणि घोडा दगडी रस्त्यावर चालवून मागतो. मऊ रेतीत लंगड लपते.

प्रत्येक घोड्याचा रक्ताचा दाखला मागतात, ग्लँडर्ससाठी. तो रोग घोड्यापासून माणसालाही होतो आणि त्यावर जनावराला औषध देत नाहीत, कायद्यानं मारावंच लागतं. तपासणीच्या टेबलासमोर एक तरुण आपल्या घोडीची मान धरून उभा होता. अहवाल येईपर्यंत त्यानं हात काढला नाही.

दुपारी रेवाल चालीची स्पर्धा होती. घोडा एका बाजूचे दोन पाय जवळजवळ एकदम टाकत सरसर जातो आणि वर बसलेला माणूस पाण्यावर बसल्यासारखा स्थिर राहतो. पुतणी इथंच सगळ्यात जास्त रमली. क्लबात तिला दुडकीवर उठबस करायला शिकवलं आहे. इथं एका सत्तरीच्या आजोबांनी तिला दोन फेऱ्या मारू दिल्या आणि म्हणाले, "उठू नको पोरी, बस. त्याला करू दे." पहिल्या फेरीत ती ताठ होती. दुसऱ्या फेरीत तिचे खांदे खाली आले आणि मी पहिल्यांदा तिला घोड्यावर काहीही न करता बसलेली पाहिली.

ढोलावर नाचणारे घोडे बघून मात्र मी लवकर निघाले. एकाच्या लगामाजवळ ओठ फाटलेले होते. काटेरी लगामाला बंदी आहे, तो वापरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना लांबून ते दिसत नाही.

बाजार मोठा आहे, पैसा मोठा आहे. लाखांच्या घोड्यांचे फलक लागलेले असतात. तरी देशभराचं चित्र वेगळं आहे. 2019 च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टं मिळून 3.4 लाख निघाली, सात वर्षांपूर्वीच्या गणनेपेक्षा 45 टक्क्यांहून जास्त कमी. शोभेचा घोडा महाग होतो आहे आणि कामाचा घोडा नाहीसा होतो आहे. फलक असलेल्या मांडवांतून बाजाराच्या टोकाला गेलं की हा दुसरा घोडा भेटतो. तिथं मांडव नाही, झूल नाही. लहान तट्टं खुंट्याला बांधलेली आणि घेणारे सातपुड्यातले.

धडगावच्या वरच्या एका पाड्यावरचे एक गृहस्थ बायको आणि मुलासोबत आले होते. पाड्यापर्यंत गाडी जात नाही, रेशनचं धान्य आणि बाजार पाठीवर न्यावा लागतो. त्यांनी एक तांबूस घोडी निवडली होती. सहा-सात वर्षांची, एका कानाची कड फाटलेली, अंगावर काही शुभचिन्ह नाही. भोवरे त्यांनी बघितले नाहीत. चारही पाय एकेक करून उचलले, टापेच्या आत अंगठा दाबला, पोटाखालून वाकून मागून बघितलं. बायकोनं तिच्या तोंडासमोर मूठभर गवत धरलं आणि ती कशी खाते ते बघितलं. सौदा ठरायला तासभर लागला. पैसे फडक्यात बांधलेले होते, ते मुलानं मोजले.

मग त्यांनी नालबंदाला बोलावलं आणि नाला काढायला सांगितल्या. मी जवळ गेले. मराठी त्यांना थोडी अडखळत येत होती. म्हणाले, वरती दगड आहे, नाल सटकते, उघडा पाय दगड धरतो. दोन-तीन आठवडे नुसती चालवायची, ओझं नाही, मग पाय घट्ट होतो. नालबंदानं चौथी नाल काढली, कडा कानशीनं गोल केल्या. पुतणी खाली बसून तिचा पुढचा पाय धरून होती.

माझा प्रश्न मी या वेळी विचारला नाही. ट्रक परवडणारा नव्हता, ते चालतच जाणार होते, वाटेत दोन मुक्काम. बाईंनी काढलेल्या चारही नाला फडक्यात बांधून पिशवीत ठेवल्या. मुलगा पुढं झाला, त्याच्या हातात दोरी सैल होती. शहाद्याच्या रस्त्यावर कडेची माती सोडून घोडी एकदा डांबरावर आली, थबकली, आणि स्वतःच परत मातीत उतरली. उघड्या टापांचा आवाज जवळजवळ येतच नव्हता.